बोलण्याचं बिऱ्हाड

९ फेब्रुवारी

चि. सौ. ठकूस,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र घरी न पाठवता तुझ्या चष्म्याच्या दुकानावर पाठवतोय, यावरून तू ओळखलंच असशील की अण्णांच्या हाती पडू नये असं यात काहीतरी आहे. फोनच केला असता. पण तुझ्याकडे फोन वाजला की अण्णा तुझ्या तोंडाकडे बघत बसतात. कानांनी दगा दिला तरी त्यांना चेहरा वाचता येतो. तेव्हा आधी चहा घे, मग पुढे वाच.

गेल्या मंगळवारी सकाळी साडेदहाला दातांच्या डॉक्टरीणबाईंना गाडी शिकवत होतो. त्यांचा चौथाच धडा. माझी टकळी नेहमीसारखी चालू होती, क्लच हळू सोडा, आरशात बघा, बसवाल्याशी भांडू नका. एवढ्यात मांडीवरचा डावा हात आपणहून फडफडायला लागला. उजव्या हाताने दाबून धरला तरी ऐकेना. मग तोंड डावीकडे ओढलं गेलं आणि पुढचा शब्दच निघेना. कळत सगळं होतं, पण जीभ परक्याची झाली होती. माझ्या पायाशी जास्तीचा ब्रेक असतो, पण पाय तिथवर नेण्याचंही सुचलं नाही.

बाईंनी एकदाच माझ्याकडे पाहिलं, इंडिकेटर दिला आणि गाडी सरळ मोठ्या हॉस्पिटलकडे वळवली. मध्ये दोन सिग्नल, एक चौक आणि तो पुलाचा चढ. चौथ्या धड्याला! एकदाही गाडी बंद पडली नाही. हॉस्पिटलच्या दारात लावली मात्र इतकी वाकडी की रुग्णवाहिकेवाला भांडायला आला. मी स्ट्रेचरवरून हात हलवून त्याला सांगायचा प्रयत्न केला म्हणे, की शिकाऊ आहेत, सांभाळून घ्या.

पाच-सात मिनिटांत सगळं पूर्ववत झालं. पण फोटो काढले तर मेंदूत, उजव्या बाजूला आत, शर्टाच्या बटणापेक्षा थोडी मोठी गाठ निघाली. हाताचा खेळ तिचाच. ती काढावी लागणार. कशी, ते अजून ठरायचंय. तुझी वहिनी माझ्यापेक्षा धीराची निघाली. गाडीच्या किल्ल्या तिने कुठे लपवल्या आहेत ते अजून सापडलेलं नाही.

अण्णांना यातलं अवाक्षर सांगू नकोस. त्यांच्यासाठी हवापाण्याचं वेगळं पत्र घरी पाठवलंय.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा

१३ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि.

चहा घेतला नाही. समोर एक आजोबा नवा चष्मा लावून आरशात बघत होते आणि मी काउंटरमागे उभ्याउभ्याच तुझं पत्र वाचलं. काच नीट बसली नाही का, म्हणून त्यांनीच मला विचारलं. माझेच डोळे वाहत होते.

आठ दिवस लपवून ठेवलंस! लहानपणी माझी सायकल तू पाडलीस तेव्हा तासाभरात कबूल केलं होतंस. वयाबरोबर माणूस सुधारतो म्हणतात, तुझं उलटंच आहे. मी उद्या निघते असं वहिनीला म्हणाले, तर ती म्हणाली, आत्ता येऊन काय करणार, ऑपरेशनच्या वेळी या, तेव्हा हातभार लागेल. पटलं, पण पाय घरात टिकत नाहीत.

तू मला मोघम लिहू नकोस. बटणापेक्षा मोठी म्हणजे केवढी, कुठून उघडणार, काय जाऊ शकतं, काय राहील, सगळं सविस्तर लिही. मी दिवसभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावते. मलाही वाचता येतात.

अण्णांना तुझं हवापाण्याचं पत्र मिळालं. भिंग लावून दोनदा वाचलं आणि मला म्हणाले, एकच पान? याची एरवी चार असतात. मी म्हटलं, कामात असेल. हेडक्लार्कच्या खुर्चीत तीस वर्षं काढलेला माणूस, कागद अपुरा असला की त्यांना लगेच कळतं.

काळजी घे हे लिहिणार नव्हते, तरी लिहिलं. माझ्यावरचा तुझा लोभ असाच राहू दे, आणि रागही.

तुझी,
ठकू

२० फेब्रुवारी

चि. सौ. ठकूस,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

घे, सविस्तर.

आमची सर्जन वयाने तुझ्या थोरल्या लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. बोलते कमी, कागदावर चित्र काढते जास्त. तिने आधी माझा एमआरआय करायला लावला. तुला त्या यंत्राची माहिती असेलच. लांबट बोगदा, आत सरकवतात आणि मग कोणीतरी चहूकडून पत्रे बडवल्यासारखा आवाज. अंगावर धातू चालत नाही. माझी अंगठी निघेना. साबण लावून नर्सने ओढली, तेव्हा वहिनी म्हणाली, तीस वर्षांत ही पहिल्यांदाच सुटली. पाऊण तास हलायचं नाही आणि बोलायचं नाही. हलायचं नाही ते जमलं.

पूर्वी म्हणे अशा गाठीसाठी कवटीचा तळहाताएवढा तुकडा उचलायचे. आता मोठ्या नाण्याएवढंच भोक पाडतात, त्यातून करंगळीएवढी नळी आत सरकवतात आणि त्या नळीतून गाठ थोडीथोडी काढून घेतात. पण एवढ्याशा भोकातून आत गेल्यावर आजूबाजूचं काही दिसत नाही, म्हणून कुठून शिरायचं आणि कुठे वळायचं हे सगळं आधी एमआरआयच्या चित्रांवर ठरवून ठेवायचं. मला हे लगेच पटलं. मीही विद्यार्थ्याला अरुंद गल्लीत घालायच्या आधी चालत नेऊन दाखवतो.

तिने मला पडद्यावर माझाच मेंदू दाखवला. अक्रोडासारखा दिसतो. मला त्याचा जरा अभिमानच वाटला. बोटं हलवायला लावून काढलेल्या चित्रात डाव्या हाताची जागा लाल दिसत होती आणि गाठ तिच्या खाली, थोडी पुढे. हाताला धक्का नको म्हणून कानशिलाच्या वरून, पुढच्या बाजूने शिरायचं ठरलंय. सगळ्यात जवळची वाट.

आणि आता चांगली बातमी. मी तिला विचारलं, माझं बोलणं? ते गेलं तर मी संपलो. शेजारी बसून वेळेवर ब्रेक म्हणता आलं नाही तर कसला मास्तर! तिने विचारलं, लिहिता कोणत्या हाताने? मी म्हटलं, उजव्या. जेवता? उजव्या. चेंडू फेकता? उजव्या. मग ती म्हणाली की अशा माणसांचं बोलणं बहुतेक वेळा मेंदूच्या डाव्या भागात असतं. गाठ उजवीकडे, म्हणजे आपली वाट त्याच्यापासून लांबून जाते. तू मला जन्मभर बडबड्या म्हणालीस ना, ती बडबड सुखरूप आहे. ऑपरेशन ४ मार्चला.

डॉक्टरीणबाई दाताच्या दवाखान्यातून रोज फोन करून विचारतात. पाचवा धडा कधी, हेही विचारतात.

आठवण काढत राहा, ती इथे पोचते.

दादा

२५ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि.

फोनवर वहिनीला जे सांगितलं ते तुला कळलं असेल आणि सर्जनबाईंनाही. पण घाईत सगळं सांगता आलं नाही, म्हणून लिहिते. सोबत अण्णांचा कागद आहे. आधी माझं वाच.

चूक माझीच. तुझं पत्र दुकानात ठेवायचं सोडून पर्समध्ये घालून घरी आणलं. परवा दुपारी अण्णा भिंग शोधत होते. मीच त्यांना पर्समध्ये बघा म्हटलं होतं, इतकी माझी अक्कल. त्यांना भिंग सापडलं आणि तुझं अक्षरही.

मी स्वयंपाकघरात होते. ते दारात येऊन उभे राहिले, हातात पत्र. मला वाटलं आता रागावणार, लपवलं म्हणून. मी खुर्ची दिली तर बसले नाहीत. पत्रातल्या एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, हे खरं नाही. मी ओळ पाहिली. लिहिता कोणत्या हाताने, तिथे बोट होतं. मी मोठ्याने ओरडून म्हटलं, अहो, दादा उजव्याच हाताने लिहितो. तर ते म्हणाले, लिहितो. पण तो तसा नव्हता. मी केला.

दादा, तू चार वर्षांचा होईपर्यंत डावखुरा होतास. पक्का. मी तर जन्मलेही नव्हते, तुला आठवत नाही, आणि आईने कधी तोंडातून काढलं नाही. शाळेत घालायच्या आधी मुख्याध्यापक म्हणाले की हात बदलून आणा. अण्णांनी एक अख्खी थंडी तुझ्या सदऱ्याची डावी बाही टोकाशी शिवून टाकली होती, हात बाहेरच येऊ नये म्हणून. स्वतः सुई घेऊन. आई रोज संध्याकाळी उसवायची आणि अण्णा रोज सकाळी शिवायचे. त्या थंडीत तू बोलायचाच बंद झालास म्हणे. दोन महिने खुणा करायचास. मग बोलायला लागलास तो आजवर थांबला नाहीस.

हे सगळं सांगताना त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मग टेबलाशी बसून कागद मागितला. तीन कागद फाडले. हा चौथा.

मी तासाभरात वहिनीला फोन लावला. आता तुम्ही काय ते ठरवा, पण ठरवायच्या आधी नीट तपासा. माझ्यावर रागवायचं असेल तर आल्यावर रागाव.

तुझी,
ठकू

(सोबतचा कागद)

चि. ———— यास अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, तू जन्मतः डावखुरा होतास ही बाब डॉक्टरांच्या नजरेस तात्काळ आणावी. उजवा हात तुला मी लावला. त्यासाठी जे केले ते ठकू लिहीलच. त्या काळी सर्व तसेच करीत, हे लिहून मी खोडले आहे. सर्व करीत असतील, पण तुझी बाही मीच शिवत होतो.

तुझ्या आईने मला एकदा विचारले होते की पोर बोलत नाही, हे तुम्हाला चालते का. मी उत्तर दिले नव्हते.

डॉक्टरांनी आणखी काही विचारल्यास उलट टपाली कळवावे. मला आठवते आहे तेवढे सर्व मी लिहून देईन.

तुझा,
अण्णा

४ मार्च

चि. सौ. ठकूस,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

आज माझं ऑपरेशन व्हायचं होतं. त्याऐवजी घरी खिडकीशी बसून तुला लिहितोय, आणि हे लिहू शकतोय ते अण्णांमुळे.

वहिनीने सर्जनबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, डावखुऱ्यांचंसुद्धा बोलणं बहुधा डावीकडेच असतं, पण काहींचं नसतं, आणि लहानपणी हात बदललेल्या माणसाच्या बाबतीत अंदाजावर चालायचं नाही, बघायचं. त्या दिवशी गाडीत माझे शब्द अडकले होते, तेही त्यांनी पुन्हा खोदून विचारलं. तोंड ओढलं गेल्यामुळे अडकले असं तोवर सगळे धरून चालले होते.

तर परत त्या बोगद्यात. या वेळी डोळ्यांपुढे चित्रं दाखवायचे आणि त्यांची नावं मनातल्या मनात म्हणायची. कात्री, घोडा, छत्री. मनात बोललं तरी मेंदूतल्या त्या जागेला रक्त जास्त लागतं आणि यंत्राला ते कळतं. मग अक्षर द्यायचे, त्यावरून शब्द आठवायचे. क म्हणाले, तर मला क्लच सोडून काही सुचेना. ब म्हणाले, ब्रेक, बोनेट, बंपर, बॅटरी. ग आला तेव्हा गिअर आणि गॅरेज. बाहेर आल्यावर मी कबूल केलं तर तंत्रज्ञ हसून म्हणाला, शब्द कोणते ते आम्हाला दिसत नाही, कुठून येतात तेवढं दिसतं.

दुसऱ्या दिवशी सर्जनबाईंनी पडदा माझ्याकडे वळवला. डावीकडे शुकशुकाट. माझ्या बोलण्याचं सगळं बिऱ्हाड उजवीकडे, पुढच्या भागात, पेटल्यासारखं केशरी. आणि त्यांनी आधी आखलेली वाट त्याच्या बरोब्बर मधून. नळी दिवाणखान्यातून आत शिरली असती, ठकू.

वहिनी उठून बाहेर गेली. मी बसून राहिलो.

आता नवी वाट आखलीय. वरून, केसांच्या रेषेच्या मागून, तिरकी. मेंदूला घड्या असतात, त्यांतल्या एका घडीतून उतरायचं, म्हणजे कमीत कमी इजा होते. धागे कुठून कुठे जातात त्याचीही चित्रं आहेत, निळे आणि हिरवे. हाताचे धागे एका बाजूला, बोलण्याचे दुसऱ्या, आणि नळी दोन्हींच्या मधून. बोलण्यापासून नऊ मिलिमीटर. वाट लांब आहे, पण मोकळी आहे. एवढ्या जवळून गेल्यामुळे सूज येईल आणि काही दिवस बोलणं रुसून बसेल असं त्यांनी स्पष्ट सांगितलंय. बहुधा परत येईल, असंही. बहुधा हा शब्द त्यांनी दोनदा वापरला. ११ तारीख ठरली.

आता अण्णांचं. खोटं सांगत नाही, मी दोन दिवस रागवायचा प्रयत्न केला. त्या चार वर्षांच्या पोराच्या वतीने रागवावं म्हटलं. एका सकाळी तर रागाचं एक पत्रही लिहिलं. पण ते पोर मला आठवतच नाही गं. मला आठवतात ते अण्णा म्हणजे मला सायकलवर पुढे बसवून कचेरीपर्यंत नेणारे. आणि आता हे, शहाऐंशीव्या वर्षी तीन कागद फाडणारे. ते गप्प राहिले असते तर कोणाला कळणार होतं?

रागाचं पत्र वहिनीच्या हाती लागायच्या आत फाडलं. त्यांना माझा नमस्कार सांग. बाकीचं मी बोलेन. बोलता आलं तर.

तुम्हा सगळ्यांचा जीव माझ्यात आहे हे ठाऊक आहे, तो तसाच गुंतलेला असू द्या.

दादा

१३ मार्च

प्रिय ठकूवन्सं,

स. न. वि. वि.

परवा ऑपरेशन झालं ते फोनवर कळवलंच. सहा तास लागले. त्या सकाळी त्यांच्या डोक्यावर गोल चिकट्या लावून आणखी एकदा एमआरआय केला. आत गेल्यावर नळीचं टोक नेमकं कुठे आहे हे त्या खुणांवरून पडद्यावर दिसत राहतं म्हणे. जाताना हे मला सांगत होते की बाहेर उभ्या असलेल्या गाडीचा डावा आरसा सैल आहे, तो आवळून घे. मी हो म्हटलं. त्यांचं ते शेवटचं वाक्य ठरलं तर, हे सहा तास माझ्या डोक्यात होतं. आरसा, आणि तोही सैल.

ऑपरेशननंतरच्या फोटोत गाठ दिसत नाही. सर्जनबाईंनी मला जुना आणि नवा फोटो शेजारी ठेवून दाखवला. बारीक रेघेसारखी वाट दिसते आणि तिच्या टोकाला रिकामी जागा. प्राथमिक तपासणीत गाठ सौम्य जातीची आहे. डावा हात हलतो. मला ओळखतात. माझा हात धरून ठेवतात.

पण बोलत नाहीत. एक शब्दही नाही. तोंड उघडतात, विचार येतो हे डोळ्यांत दिसतं, आणि बाहेर काही येत नाही. काल पाणी हवं होतं तर पेल्याकडे बघून त्यांचे डोळे भरून आले. सूज उतरेपर्यंत असं होणारच, हे अपेक्षितच होतं, असं सगळे सांगतात. मलाही ते पटतं. पण आमच्या घरात इतकी शांतता कधी नव्हती हो. तीस वर्षं मी त्यांना जरा गप्प बसा म्हणत आले.

अण्णा येतो म्हणत आहेत, असं तुम्ही म्हणालात. नऊ तासांचा प्रवास त्यांना झेपेल का, ते तुम्ही बघा. पण झेपणार असेल तर त्यांना अडवू नका. मला वाटतं दोघांनाही गरज आहे.

मनातून सोबत आहातच, आता पायांनीही या.

तुमची,
वहिनी

५ एप्रिल

तीर्थस्वरूप अण्णांना,

साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुम्ही आणि ठकू सुखरूप पोचल्याचं कळलं. हे पत्र मुद्दाम तुमच्या नावाने आणि घरच्या पत्त्यावर पाठवलं आहे. यात कोणापासून लपवायचं काही नाही. चारच्या वर पानं झाली तर ठकूला हसू देऊ नका.

माझी प्रकृती चांगली आहे. गाठीचा पक्का अहवाल आला, सौम्यच आहे. दर सहा महिन्यांनी एमआरआय करत राहायचं, एवढंच पथ्य. बोलणं जवळजवळ पूर्ण परतलं आहे. दमलो की एखादा शब्द सापडत नाही, परवा तुमच्या सुनेला झारा दे म्हणायचं होतं, तर ते भोकवालं दे म्हणालो. गाडी वर्षभर चालवायची नाही, म्हणून सध्या शिकाऊ मंडळींना वर्गात बसवून रस्त्यावरच्या खुणा शिकवतो. दातांच्या डॉक्टरीणबाई परीक्षेत पास झाल्या. गाडी मागे घेताना अजूनही देवाचं नाव घेतात.

आता जे सांगायचं राहिलं ते. हॉस्पिटलमध्ये तुम्ही नऊ दिवस माझ्याजवळ बसलात. मला बोलता येत नव्हतं आणि तुम्हाला ऐकू येत नव्हतं. बाकी जो कोणी यायचा तो माझ्या तोंडाकडे बघत बसायचा, आता शब्द निघेल, मग निघेल. त्याने मला घाम फुटायचा. तुमच्यापाशी तसं काही नव्हतं. तुम्ही वर्तमानपत्र वाचायचात आणि वाचून झालेलं पान माझ्या हाती द्यायचात. माझी तेवढीच विश्रांती होती. इतकी वर्षं मी तुमच्याशी बोलत राहिलो, नुसता कधी बसलो नव्हतो.

सातव्या दिवशी दुपारी ठकू आणि तुमची सून औषधं आणायला खाली गेल्या होत्या. तुम्ही त्या लोखंडी खुर्चीत वाचत होतात. मधूनमधून कंबरेला हात लावत होतात. आणि मी बोललो, अण्णा. एक शब्द नाही, पुरं वाक्य. ते इतकं सहज बाहेर पडलं की माझा मलाच पत्ता लागला नाही. मी म्हणालो, अण्णा, त्या खुर्चीत पाठ दुखेल, इकडे माझ्याजवळ बसा.

तुम्ही मान वर केलीत, हो हो म्हणालात, उठलात आणि खिडकी लावलीत. तुम्हाला वाटलं, मी वाऱ्याकडे खूण करतोय. मला हसू फुटलं. पुन्हा सांगावं म्हटलं, पण ते वाक्य परत येईल याची मला खात्री नव्हती, आणि पहिलं इतकं चांगलं झालं होतं. ठकूला आणि तुमच्या सुनेला वाटतं की मी प्रथम बोललो तो दुसऱ्या दिवशी, पाणी म्हणालो तेव्हा. त्यांचा तो आनंद मी मोडला नाही. खरं काय ते तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहितो.

खिडकी लावल्यावर तुम्ही जरा वेळ तिथेच उभे राहिलात. मग वर्तमानपत्र खुर्चीतच ठेवून पलंगाच्या कडेला आलात, माझे पाय हलकेच आत सरकवलेत आणि माझ्याजवळ बसलात.

कृपादृष्टी आहेच. पुढच्या महिन्यात आम्ही दोघं तिकडे येतो, मग आपण बसू.

तुमचा आज्ञाधारक,
दादा